डेंड्रिमरची टोकं निम्मीच झाका

फांद्यांना फांद्या फुटत गेलेला पॅमाम (पॉलिअमिडोअमाइन) डेंड्रिमर हा रेणू चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे फांद्यांच्या चौथ्या थरापर्यंत वाढवला, की व्यास सुमारे 4.5 नॅनोमीटर, रेणुभार 14,215 आणि बाहेरच्या टोकांना 64 अमाइन, म्हणजे नायट्रोजनचे गट. उदासीन पाण्यात ही टोकं धनभारित होतात, पेशीच्या ऋणभारित पटलाला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. म्हणून ती अॅसिटिल गटाने झाकायची. पण डेंड्रिमर औषधाचा वाहक म्हणून वापरायचा आणि टोकं सगळी झाकलीत, तर औषध किंवा फॉलिक आम्ल जोडणार कुठे? म्हणून निम्मीच झाकायची.

100 मिलिग्रॅम डेंड्रिमरमध्ये साधारण 450 मायक्रोमोल अमाइन असतात. बाटलीतलं द्रावण मिथेनॉलमध्ये 10 टक्के असेल, तर 1 ग्रॅम तोलून घ्या आणि 8 मिलिलिटर कोऱ्या, कोरड्या मिथेनॉलमध्ये मिसळा. काम फ्यूम हूडमध्येच करा. आधी 39 मायक्रोलिटर ट्रायएथिलअमाइन (तयार होणारं आम्ल शोषणारा अल्कली) घाला. मग 21 मायक्रोलिटर अॅसिटिक अॅनहायड्राइड (अॅसिटिल गट देणारं रसायन) 1 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये मिसळून लगेच, थेंबाथेंबाने, जोरात ढवळत सोडा. एकदम ओतलंत, तर काही रेणू जास्त झाकले जातात, काही कोरे राहतात. नायट्रोजनखाली 24 तास ढवळत ठेवा. नाशिकच्या जुलैतल्या दमट हवेत अॅनहायड्राइडची बाटली उघडी राहिली, की त्याचं आम्ल होतं आणि झाकण्याचं प्रमाण गपकन घसरतं. नवी बाटली फोडा.

मिथेनॉल उडवून 3,500 डाल्टनच्या पिशवीत (त्याहून लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या) डायलिसिस करा: एक दिवस फॉस्फेट बफरमध्ये, दोन दिवस शुद्ध पाण्यात, पाणी वरचेवर बदलत. बफर टाळू नका. अमाइनला चिकटलेलं अॅसिटेट नुसत्या पाण्याने नीट सुटत नाही आणि एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन मोजणाऱ्या चाचणीत) 1.9 पीपीएमजवळ अॅसिटिलच्याच शेजारी उभं राहतं. झाकलेली टोकं उगाच जास्त दिसतात! 2.4 जवळच्या, डेंड्रिमरच्या स्वतःच्या शिखराला 248 हायड्रोजन धरलेत, तर निम्म्या झाकणीला अॅसिटिलचे 96 यायला हवेत.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मोरचूद फवारलं जातं. तसल्या पाण्यातलं तांबं पकडायचं असेल, तर टोकं झाकूच नका. तीही तांबं धरतात. सामू 8 च्या आसपास ठेवा. 5 च्या खाली अमाइनवर प्रोटॉन बसतात आणि तांबं सुटतं, म्हणजे आम्लाने धुऊन डेंड्रिमर पुन्हा वापरता येतो. गाळायला अल्ट्राफिल्टर, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचं पटल लागतं; गाळणकागदातून हे कण सरळ निघून जातात.