उपनगरातील जुन्या सोसायटीत घर घेताना

मुलुंड पूर्व, विलेपार्ले, बोरिवली किंवा ठाण्यातील नौपाडा अशा जुन्या वस्तीत कुटुंबासाठी घर शोधू लागले की समोर येतो तो बहुधा तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतील, एक-दोनदा हात बदललेला फ्लॅट. शाळा, स्थानक, मंडई आणि दवाखाना पायी गाठता येणे हे अशा घराचे खरे मोल आहे, आणि त्यासाठी दोन पैसे अधिक मोजावे लागले तरी ते वाया जात नाहीत. मात्र महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, जे संरक्षण नव्या प्रकल्पातील ग्राहकाला मिळते, ते दोन व्यक्तींमधील पुनर्विक्रीच्या व्यवहाराला लागू होत नाही. सर्व पडताळणी खरेदीदारालाच करावी लागते. म्हणून घर कितीही आवडले तरी दस्तांच्या प्रती वकिलाने वाचण्यापूर्वी टोकनची मोठी रक्कम देऊ नये, एवढा नियम घरातील सर्वांनी मिळून आधीच ठरवून घ्यावा.

सर्वाधिक वेळ द्यावा तो दस्तांच्या साखळीला. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत जितक्यांदा घर विकले गेले, तितके करार, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू) आणि मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा मुळातून पाहायला मागावा. डिसेंबर १९८५ पूर्वी फ्लॅटच्या करारावर आजच्यासारखे किमतीच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क आकारले जात नसे. त्यामुळे पाच-दहा रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेले आणि नोंदणी न झालेले करार या इमारतींत सर्रास आढळतात. तेवढ्यावरून व्यवहार खोटा ठरत नाही, पण नंतरच्या एखाद्या करारावर शुल्क कमी भरलेले असेल, तर ते विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने भरून द्यावे असे आधीच लेखी ठरवावे. मूळ करार हरवला असल्यास पोलिसांकडील नोंद, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस आणि दस्त नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातील प्रमाणित प्रत, या तिन्ही गोष्टी हाती येईपर्यंत थांबावे.

याहून नाजूक प्रश्न वारसांचा असतो. जुन्या इमारतींतील मूळ सभासद आता हयात नसतात आणि विक्रेता म्हणून मुलगा किंवा मुलगी पुढे येते. सोसायटीने भाग प्रमाणपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नामनिर्देशित व्यक्तीचे नाव चढवले असले, तरी तेवढ्याने ती व्यक्ती घराची एकटी मालक होत नाही. इतर वारसांचा हक्क कायम राहतो. त्यामुळे सर्व वारसांची सही विक्री करारावर तरी हवी किंवा त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी करून दिलेले असावे. माझ्या थोरल्या बहिणीने मुलुंडला घर घेतले, तेव्हा विक्रेत्याची एक बहीण अमेरिकेत असल्याचे आम्हांला टोकन दिल्यानंतर कळले. तिचे कुलमुखत्यारपत्र तेथे साक्षांकित होऊन येईपर्यंत आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लागेपर्यंत व्यवहार इतका लांबला, की बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपून सारी प्रक्रिया पुन्हा करावी लागली. ‘आपल्याला भावंडे किती आणि ती कुठे असतात’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे. शिवाय वकिलामार्फत एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात चौदा दिवसांची जाहीर नोटीस द्यावी, म्हणजे कोणाचा दावा असल्यास तो पैसे देण्यापूर्वी समोर येतो.

विक्रेत्याचे कर्ज बाकी असेल तर मूळ दस्त त्याच्या बँकेकडे असतात. अशा वेळी शिल्लक रकमेचे पत्र आणि बँकेच्या ताब्यातील दस्तांची यादी मागवून घ्यावी आणि तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट त्या कर्जखात्यात भरावी.

इमारतीकडे वळल्यावर पहिला कागद भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याचा, ज्याला सगळे ओसी म्हणतात. उपनगरांतील कितीतरी सोसायट्यांना ते अजून मिळालेले नाही. लोक तीस वर्षे राहत असतात, पण पाणी जादा दराने घ्यावे लागते आणि काही बँका कर्ज देताना अडून बसतात. दुसरा कागद अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचा (कन्व्हेयन्स). जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावे असेल, तर पुनर्विकासाच्या वेळी सोसायटीला आधी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे मालकाच्या सहीवाचून सक्षम अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याची, वाट धरावी लागते. मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) कोणाचे नाव आहे हे पाहिले की याचा उलगडा होतो आणि त्याच पत्रकावरून जमीन शासनाने दिलेली आहे का, हेही समजते. तशी असल्यास हस्तांतरणापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्यासाठीचे शुल्क लागू शकते. ते कोण भरणार हे करारात असायला हवे.

सोसायट्यांच्या कारभारासाठी शासनाने आखून दिलेल्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. शेवटचा अहवाल सचिवांकडे मागावा; तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर सोसायटीच्या कारभाराविषयी जे कळायचे ते कळते. घर शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये पाहावे. मे महिन्यात रंग दिलेली भिंत काही सांगत नाही, पण भर पावसात छताची ओल, फुगलेले प्लास्टर आणि खांबावर उमटलेले गंजाचे तांबूस ओघळ लपत नाहीत. सकाळी पाणी येण्याच्या वेळी एकदा जिन्यातून वर जावे आणि शेजाऱ्यांशी बोलावे. टँकर किती वेळा येतो, लिफ्ट किती दिवस बंद असते आणि वार्षिक सभेत भांडणे कशावरून होतात, हे त्यांच्याइतके कोणी सांगत नाही.

जुन्या इमारतीतील घराची किंमत सांगताना मध्यस्थ हमखास पुनर्विकासाचा हवाला देतो, आणि माझ्या मते याच आशेपायी लोक सर्वाधिक पैसे जादा देतात. पुनर्विकास होणार की नाही हे भूखंडाचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि सभासदांमधील एकोपा यांवर ठरते. विलेपार्ले-सांताक्रूझ पट्ट्यात तर विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवरही मर्यादा आहे. ठराव झाला आहे, निविदा आल्या आहेत, असे सांगितले जात असेल तर सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचावे. विकासकाशी करार खरोखरच झाला असल्यास मिळणारे वाढीव क्षेत्रफळ, पर्यायी घराचे भाडे आणि कॉर्पसची, म्हणजे विकासक सभासदांना देतो ती ठोक, रक्कम विक्रेत्याची की आपली, हे विक्री करारात स्पष्ट लिहून घ्यावे. तसा करार नसेल, तर घर आज आहे तसेच पुढची पंधरा वर्षे राहील असे धरूनच किंमत ठरवावी.

भाव ठरवताना क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या, म्हणजे भिंतींच्या आतील वापरायच्या जागेच्या, हिशेबानेच मोजावे, कारण जुन्या करारांत बहुधा भिंती धरून मोजलेले बिल्टअप क्षेत्र लिहिलेले असते. स्वतः टेप लावून खोल्या मोजाव्यात आणि आत घेतलेली बाल्कनी मंजूर नकाशात कशी दाखवली आहे हे तपासावे. पार्किंग ‘सोबत मिळेल’ असे म्हटले, तर सोसायटीचे वाटपपत्र पाहावे. स्टिल्टखालील, म्हणजे इमारतीच्या तळाशी खांबांमध्ये मोकळी सोडलेली, जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे.

पैशांचा हिशेब करताना घराच्या किमतीवर थांबू नये. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के पडते आणि मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात गेले की ते ७ टक्के होते. ते करारातील किंमत आणि शासनाचे रेडी रेकनर मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये आहे. कर्ज ७५ लाखांहून अधिक असेल तर बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही आणि या किमतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च धरला जात नाही. म्हणजे मुलुंडमधील १ कोटी २० लाखांच्या घरासाठी ९० लाखांचे कर्ज मिळाले, तरी स्वतःचे ३० लाख, मुद्रांकाचे ७ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि १ टक्का दलालीचे १ लाख २० हजार मिळून ३८ लाख ७० हजार रुपये हाताशी हवेत, आणि रंगकाम व नळदुरुस्ती त्याहून वेगळी.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यास विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचा दर बराच मोठा असतो, त्यामुळे सनदी लेखापालाचा सल्ला आधीच घ्यावा. हस्तांतरणासाठी महापालिका क्षेत्रातील सोसायटी कमाल २५,००० रुपये अधिमूल्य (प्रीमियम) घेऊ शकते आणि त्याव्यतिरिक्त ५०० रुपये हस्तांतरण फी व १०० रुपये प्रवेश फी असते. ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून लाखभर मागितले गेले, तर नम्रपणे नकार द्यावा आणि मागणी लेखी द्यायला सांगावी.

कराराची नोंदणी झाल्यावर उर्वरित रक्कम आणि किल्ल्या यांची देवाणघेवाण एकाच दिवशी व्हावी, आणि त्या दिवशी सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची शेवटची पावती, वीजबिल आणि साखळीतील सर्व मूळ दस्त यादीवर खूण करत ताब्यात घ्यावेत. कर्ज असेल तर हे दस्त आपल्या बँकेकडे जातात, तेव्हा बँकेची पोच आणि छायांकित प्रती जपून ठेवाव्यात. त्यानंतर हस्तांतरणाचा अर्ज सोसायटीकडे देऊन त्याची पोच घ्यावी, वीज आणि पाइपगॅसची जोडणी स्वतःच्या नावे करावी, आणि भाग प्रमाणपत्राच्या पाठीमागे समितीच्या सह्यांसह आपले नाव चढेपर्यंत दर महिन्याला सचिवांकडे चौकशी करत राहावी.