केसची नेक टर्न कशी करावी

पितळी केसची (काडतुसाच्या कवचाची) नेक, म्हणजे बुलेट धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, तर बुलेट चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) मध्यरेषेत बसत नाही आणि नेकची पकडही दर केसला वेगळी पडते. यावर उपाय म्हणजे नेक टर्निंग, नेक बाहेरून तासून जाडी सगळीकडे सारखी करणे.

टूल हातात घेण्याआधी रायफलच्या चेंबरचा नेक व्यास माहीत हवा. टाइट नेक चेंबर 0.262 इंचाचे असेल, बुलेट 0.243 इंचाची आणि नेकची जाडी 0.0085 इंच ठेवली, तर भरलेल्या काडतुसाची नेक 0.260 इंच होते. मोकळी जागा उरते 0.002 इंच. याहून कमी ठेवू नये. नेकला फुलायला जागा मिळाली नाही, तर बुलेट सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. फॅक्टरी चेंबर मुळातच ढिले असते. तिथे फक्त उंचवटे उतरवायचे, म्हणजे घेराचा साधारण तीन चतुर्थांश भाग चकाकला की थांबायचे. त्याहून जास्त तासले, तर दर फायरला नेक जास्त फुलते, साइझिंगमध्ये (नेक दाबून पुन्हा मापात आणताना) तेवढीच दाबली जाते आणि लवकर तडकते.

केस एकाच लॉटच्या, रिकाम्या आणि प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नसलेल्या घ्या. बॉल मायक्रोमीटरने (गोल टोकाच्या, भिंतीची जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरने) प्रत्येक नेक चार ठिकाणी मोजा, फरक 0.002 इंचापेक्षा जास्त असेल तर ती केस बाजूला टाका. अशा केसची भिंत खालपर्यंत वाकडी असण्याची शक्यता असते, आणि टर्निंग फक्त नेक सुधारते. मग सगळ्या केस एकाच लांबीला ट्रिम करून तोंडावरची बोचरी कड घासून काढा. बऱ्याच टूलमध्ये केसचे तोंड स्टॉपला टेकते, त्यामुळे लांबी कमीजास्त असेल तर कटही कमीजास्त जागी संपतो.

आता नेक एक्स्पांडर मँड्रेलवरून (नेक आतून थोडी रुंद करणाऱ्या दांड्यावरून) काढा. हा टर्निंग मँड्रेलपेक्षा, म्हणजे तासताना नेक आतून धरणाऱ्या दांड्यापेक्षा, साधारण 0.001 इंच मोठा असतो. केस टर्निंग मँड्रेलवर सरकली पाहिजे, पण डुलता कामा नये. ढिली असेल तर जाडीचा फरक जसाच्या तसा राहतो. घट्ट असेल तर पितळ मँड्रेलला चिकटते. नेकच्या आत साइझिंग वॅक्सचे बोट फिरवा.

कटर बसवायला टाकाऊ केस वापरा. थोडे तासा, मोजा, पुन्हा तासा. 0.002 इंचाहून जास्त काढायचे असेल तर दोन पासमध्ये काढा. कट शोल्डरला (नेकखालच्या उतरत्या भागाला) जेमतेम स्पर्श करून थांबावा. अलीकडे थांबला तर तिथले जाड पितळ पुढे आत सरकून कडे तयार होते, ज्याला डोनट म्हणतात. फार आत गेला तर नेक शोल्डरपासून तुटते. कटरचा कोन शोल्डरच्या कोनाशी जुळणारा हवा.

केस संथ, एकाच वेगाने आत सरकवा. घाई केली की आटे पाडल्यासारख्या रेघा उठतात. ड्रिल वापरत असाल तर वेग कमीच ठेवा. काही केस झाल्या की मँड्रेल तापून फुगतो आणि नेक ठरलेल्या मापापेक्षा पातळ होऊ लागते. म्हणून अधूनमधून थांबून टूल थंड होऊ द्या, कीस ब्रशने झाडा आणि मायक्रोमीटर लावा. एका नेकमधला फरक 0.0003 इंचाच्या आत आला की काम बरोबर.

शेवटी 0000 नंबरच्या स्टील वूलने नेक हलकी घासा, तोंडावरची बोचरी कड पुन्हा काढा आणि केस धुवून आतले वॅक्स व कीस घालवा. नेक पातळ झाल्यामुळे साइझिंग डायमधले जुने बुशिंग (नेक दाबणारे कडे) चालत नाही. डमी (दारू आणि प्रायमर नसलेले) काडतूस बनवून त्याची नेक मोजा आणि त्याहून 0.001 ते 0.002 इंच लहान बुशिंग घ्या.