मृगाच्या आधी माती पाहून ठेवावी: मुंगळ्याच्या राणीच्या निरीक्षणाची तयारी

मृग नक्षत्र दरवर्षी 7 किंवा 8 जूनला लागते आणि वळवाच्या एकदोन सरी बहुधा त्याआधीच पडून गेलेल्या असतात. याच दिवसांत मुंगळ्यांच्या पंखवाल्या राण्या वारुळांतून बाहेर पडतात, उडतात, मिलन झाल्यावर जमिनीवर उतरून पंख गाळतात आणि एकट्यानेच नव्या घरासाठी जागा शोधू लागतात. हा शोध काही तासांत आटोपतो. त्यामुळे राणीने एखादी जागा का निवडली आणि दुसरी का सोडली, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याची तयारी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्रातच पूर्ण व्हायला हवी. पावसाआधी ती माती कशी होती हे पाऊस पडल्यानंतर मोजता येत नाही, आणि नेमकी हीच नोंद बहुतेक वह्यांत कोरी राहते.

सर्वांत आधी जागा ठरवाव्यात. एकाच शिवारात चार प्रकारची जमीन मिळाली तर उत्तम: काळ्या रानाचा बांध, मुरमाड उतार, ओढ्याकाठचा पोयटा आणि रोजच्या पायवाटेची घट्ट झालेली कड. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी जांभ्यावरची तांबडी माती आणि भातखाचराचा बांध घ्यावा. प्रत्येक ठिकाणी एक मीटर लांबीरुंदीचे निदान तीन चौकोन खुंट्या ठोकून आणि सुतळी बांधून आखावेत. जमीनमालकाची परवानगी घ्यावी, आणि त्याच वेळी कुळवणी व पेरणी कधी होणार हेही विचारून ठेवावे, कारण कुळवाखाली गेलेल्या जमिनीत वरच्या थरात राणीने नुकतीच खोदलेली कोठी, म्हणजे तिची छोटी खोली, टिकत नाही. माझ्या मते, ज्याला एकाच जमिनीची नीट नोंद करणे जमणार आहे त्याने बांधच निवडावा. बांधावर नांगर फिरत नाही, पाणी साचत नाही आणि गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते.

जागा आखल्यावर मातीची ओळख करून घ्यावी. काचेच्या उभ्या बरणीत तिसरा हिस्सा चाळलेली माती आणि उरलेले पाणी घेऊन जोरात हलवावे व बरणी न हलवता ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमाती दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ तरंगत राहते. तिन्ही थरांची जाडी पट्टीने मोजली की त्या मातीचा पोत कळतो. ओल मोजण्यासाठी वजनकाट्यावर 100 ग्रॅम माती घ्यावी, प्रयोगशाळेची सोय असेल तर 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून पुन्हा वजन करावे, आणि सोय नसेल तर कडक उन्हात पातळ पसरून सलग दोन वजने सारखी येईपर्यंत वाळवावी. उन्हात वाळवून आलेला आकडा थोडा कमी भरतो, पण सगळ्या चौकोनांना एकच पद्धत लावली तर तुलना चुकत नाही. घट्टपणा पाहण्यासाठी एकाच माणसाने एकाच जाड खिळ्यावर तळहाताने सारखा दाब देऊन तो किती सेंटीमीटर आत जातो ते लिहावे. निचऱ्यासाठी दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा थोडा जमिनीत दाबून त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला लागलेला वेळ नोंदवावा. ही चाचणी मात्र चौकोनाच्या बाहेर करावी, नाहीतर आपणच त्या मातीची ओल बदलून बसतो.

या मोजण्या कशासाठी, हे मनाशी स्पष्ट असले म्हणजे त्या कंटाळवाण्या वाटत नाहीत. राणीजवळ अवजार एकच, तिचा जबडा. ती मातीचा कण न् कण सुटा करते, त्याची बारीक गोळी करून बाहेर आणते आणि बिळाच्या तोंडापासून थोड्या अंतरावर टाकते. गोळी वळायची तर कणांभोवती पाण्याचा पातळ थर हवा, कारण तोच कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. माती अगदी कोरडी असेल तर रेताड जमिनीत बिळाच्या भिंती ढासळतात आणि चिकण जमिनीत जबडा चालत नाही. उलट माती पाण्याने गच्च भरली की कणांमधली हवा निघून जाते, धरून ठेवणारा थरच उरत नाही आणि केलेले छिद्र चिखलाने बुजते. या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेला आपल्याकडे शेतकरी वाफसा म्हणतो, आणि पेरणीला जो वाफसा लागतो तोच राणीच्या खोदकामालाही सोयीचा पडतो. म्हणून पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा त्या पावसाने कोणत्या मातीत वाफसा आला आणि तो किती तास टिकला, ही नोंद अधिक मोलाची आहे. मुरमाड उतारावर तो लवकर येतो आणि लवकर जातो, तर काळ्या रानात उशिरा येतो आणि लांबतो.

काळ्या मातीबद्दल स्वतंत्र पान ठेवावे. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. राणीच्या दृष्टीने अशी भेग म्हणजे तयार वाट असते, आणि पंख गाळलेली राणी भेगेच्या कडेने आत उतरताना दिसली तर तिने खोदले नाही असे लिहून थांबू नये, तर ती कोणत्या भेगेत, किती वाजता उतरली आणि परत वर आली का, हे लिहावे. हीच भेग चारपाच चांगल्या पावसांनंतर मिटते, आणि तिच्या भिंतीला केलेली उथळ कोठी दाबली जाऊ शकते. यासाठी मे महिन्यातच प्रत्येक भेगेची रुंदी आणि खोली सुतळीला खडा बांधून मोजावी आणि चौकोनाचा नकाशा काढून त्यावर भेगा रेखाटाव्यात. सांगली-कोल्हापूरच्या बागायती पट्ट्यात जिथे जमीन चोपण झाली आहे, म्हणजे सोडियम साठून बिघडली आहे, तिथे भेगांबरोबर वरची पापडीही पाहावी. चोपण माती ओली झाली की विरते, वाळली की दगडासारखी होते आणि तिच्यात हवा खेळत नाही.

खोली आणि तापमान यांचा संबंध पाहण्यासाठी साधा तापमापक 5 आणि 15 सेंटीमीटर खोलीवर, सकाळी सातला आणि दुपारी दोनला लावावा. पृष्ठभाग दुपारी तापतो आणि रात्री निवतो, खाली हा फरक कमी होत जातो, आणि अंडी व अळ्या कोरड्या हवेत लगेच सुकतात. त्यामुळे खोल कोठी अधिक सुरक्षित असते. परंतु प्रत्येक सेंटीमीटर खोदायला राणीची शक्ती खर्ची पडते, आणि मुंगळ्याची राणी स्वतःला कोठीत बंद करून घेतल्यावर काहीही खात नाही. तिच्या अंगातली चरबी आणि आता निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू विरघळून त्यांवरच पहिल्या अळ्या वाढतात. कठीण जमिनीत खोदताना जे खर्च झाले, ते तिच्या पहिल्या पिल्लांच्या वाट्यातूनच वजा होते.

सगळ्याच जाती अशा वागत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. दक्षिण सह्याद्रीत आढळणारी, लांब जबड्याची, उडी मारणारी हार्पेग्नाथॉस सॉल्टेटर ही मुंगी निसर्ग-अभ्यासक जर्डनने 1851 मध्ये वर्णिली. तिची राणी शिकारीसाठी बिळाबाहेर येते, आणि तिच्या वाढलेल्या घरट्यातल्या कोठ्या भोवतालच्या मातीपासून पोकळी ठेवून वेगळ्या केलेल्या असतात, त्यामुळे पुराचे पाणी आत शिरत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात दाणे वेचणाऱ्या पोगोनोमिर्मेक्स मुंग्यांच्या दोन जवळच्या जातींपैकी बार्बाटस अधिक चिकण जमिनीवर आणि रुगोसस अधिक रेताड जमिनीवर आढळते. आपल्या एकाच शिवारातल्या चार जमिनींकडे तसेच पाहता येईल.

पाऊस मोजण्यासाठी सरळ भिंतींचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवावे आणि पट्टीने मिलिमीटर मोजावेत. झोळीत दहापट मोठे दाखवणारे भिंग, लाल पातळ कागद लावलेली विजेरी, पट्टी, आइस्क्रीमच्या काड्यांच्या खुणा, वही आणि शिसपेन्सिल असावी; शाई पावसात पसरते. पायांत घोट्याच्या वर जाणारे बूट अत्यावश्यक आहेत. पहिल्या पावसानंतर फुरसे, घोणस, नाग आणि लाल विंचू त्याच बांधांवर फिरत असतात, म्हणून दगड हाताने उलटू नये, दोघांनी मिळून जावे, आणि ढग गडगडू लागले की उघडा माळ सोडून घरी परतावे. वळवाच्या विजेने दरवर्षी माणसे मरतात, आणि राणी दुसऱ्या संध्याकाळीही दिसू शकते.

ओळख पटवण्याचा सराव आधीच करावा, कारण त्याच संध्याकाळी वाळवीही उडते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर सरळ आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतात. पंख गाळलेली राणी आणि मोठा कामकरी मुंगळा यांत गोंधळ होतो, तेव्हा छातीकडे पाहावे. राणीची छाती भरीव असते आणि तिच्या दोन्ही कुशींना पंख तुटल्याचे लहान व्रण भिंगातून दिसतात. मुंगळा, म्हणजे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1787 मध्ये नाव दिलेला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, काळा आणि मोठा असल्याने सुरुवात याच जातीने करावी.

प्रत्यक्ष संध्याकाळी राणीला हात लावू नये. ती कुठे थांबली, मिशांनी जमीन किती वेळ चाचपली, किती ठिकाणी उकरून सोडून दिले आणि शेवटी कुठे टिकली, हे क्रमाने वेळेसह लिहावे. सोडून दिलेल्या प्रत्येक जागेला खूण करून दुसऱ्या दिवशी तिथली ओल व घट्टपणा मोजावा. या नकाराच्या जागा नसतील तर निवडीबद्दल काहीच म्हणता येत नाही. गेल्या खेपेला एका मुरमाड बांधावर मी एका राणीला गवताच्या बुडख्याशी खोदताना पाहिले. पहिल्या गोळ्या फिक्या, कोरड्या आणि विस्कटणाऱ्या होत्या; थोड्या वेळाने गडद, ओलसर आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान, पण अखंड गोळ्या बाहेर येऊ लागल्या, आणि त्यानंतर ती जागा तिने सोडली नाही. गोळीचा रंग बदलला ती वेळ तेव्हापासून मी वेगळ्या रकान्यात लिहितो.

तोंड आतून बुजवले गेले की खूण लावून तिथून निघावे. कोठी उकरून पाहण्याचा मोह होतो, परंतु बंद कोठी उघडली की ती राणी बहुधा वाचत नाही. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या पावसानंतर चौकोनात पाणी किती वेळ साचून राहिले ते लिहावे, आणि चौथ्या आठवड्यापासून रोज सकाळी खुणेजवळ जावे. पहिले कामकरी नेहमीच्या मुंगळ्यांहून बरेच लहान असतात आणि सुईच्या जाडीचे छिद्र पाडून बाहेर येतात. दोन महिन्यांनंतरही ज्या खुणेजवळ काही दिसले नाही, तिच्यापुढे तारीख, ओल आणि मातीचा प्रकार लिहून ती ओळ वहीत तशीच ठेवावी.