पेन्सिलीनं काढलेलं फुलाचं चित्र कसं बघायचं

पेन्सिलीतलं फूल दिसलं की आपल्या बेळगावात ठरलेलं एकच वाक्य, "अगदी फोटोच की ओ!" आणि माणूस पुढच्या चित्राकडं. टिळकवाडीत चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे, तिथं किंवा शाळेच्या प्रदर्शनात पुढच्या वेळी जाल तेव्हा जरा थांबा आणि असं बघा.

पहिल्यांदा चार पावलं मागं या, डोळे बारीक करा, म्हणजे बारकावे पुसट होतात आणि सगळ्यात काळं कुठं, सगळ्यात पांढरं कुठं तेवढंच उरतं.

आता पांढरं शोधा, खरी गंमत इथंच आहे. मोगरा काढायचा तर पांढरी पेन्सिल कोण वापरत नाही, पांढरा म्हणजे कोरा कागद, फुलामागचं पान गडद करत करत कडेला आणलं की पाकळी आपोआप पुढं येते, म्हणजे चित्रकारानं फूल काढलेलंच नसतंय, फुलाच्या भोवतीचं काढलेलं असतंय. जिथं पाकळीला चारी बाजूनं एकसारखी जाड रेघ मारलीय तिथं फूल कागदाला चिकटलेलं दिसतं, मला तरी ते रंगवायच्या पुस्तकासारखं वाटतं.

मग जवळ जा. जास्वंद असेल तर शिरांच्या रेघा देठाकडून बाहेर पसरत जातात का बघा, पाकळी वळली की रेघ पण वळायला पाहिजे. मधल्या दांड्याच्या टोकाला 5 गोल ठिपके असतात, ते आहेत की नुसता झुबका केलाय? शंका आली तर गणपत गल्लीच्या बाजारात शोधत बसू नका, शेजाऱ्यांच्या कुंपणावर जास्वंद असतीच.

पेन्सिलीचं थोडं. 1795 मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसानं ग्रॅफाइटमध्ये, म्हणजे पेन्सिलीतल्या काळ्या पदार्थात, चिकणमाती मिसळून कांडी भाजायची पद्धत काढली, माती जास्त तर एच, कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर बी, मऊ आणि काळी. पाकळीवरची हलकी सावली बहुतेक एच नाहीतर मधल्या एचबीची, पानाआडचा अंधार खूप मऊ, काळ्या 6बीचा. असा अंधार समोरून चकाकतो, ग्रॅफाइटचा गुणच तो, त्यामुळं जरा तिरकं उभं राहून बघा.

आणि काच नसेल तर बोट लावून बघू नका, ग्रॅफाइट लगेच पसरतं. फिक्सेटिव्ह, म्हणजे ग्रॅफाइट धरून ठेवणारा फवारा, मारलेला असला तर कमी पसरतं, तरी बोट नकोच.