कॅमेरा घेण्याआधी एक फेरी मारा

घरफोडीची बातमी आली की पहिली धाव असते कॅमेऱ्याच्या दुकानाकडे. कॅमेरा चोरीची नोंद ठेवतो, पण चोराला थोपवायचे काम बहुतेक वेळा दार, उजेड आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर करते. म्हणून आधी पाहणी, खरेदी नंतर.

आवाराचा कच्चा नकाशा कागदावर काढा आणि रस्त्यापासून आत येत चाला: कुंपण, मोकळी जागा, भिंती, दारे-खिडक्या, शेवटी खोल्या. फेरी दोनदा हवी, एक भर दिवसा, दुसरी अंधार पडल्यावर. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा: इथे उभा असलेला माणूस कोणाला दिसेल? इथून आत शिरायला किती वेळ लागेल, किती आवाज होईल? निसटायला वाट कुठे आहे? वरही बघा. टाकीची शिडी, पाइप, एसीचा सांगाडा, भिंतीला टेकवलेली भंगार खाट यांनी पहिल्या मजल्याची बाल्कनी तळमजल्याइतकीच सोपी होते, आणि तिचे दार बहुधा नुसते लोटलेले असते.

झुडपे 3 फुटांच्या आत छाटा, झाडांच्या खालच्या फांद्या 7 फुटांच्या वर ठेवा. मधला पट्टा नजरेसाठी मोकळा राहतो. उंच भरीव भिंत दिसायला भक्कम, पण एकदा ती ओलांडली की आतला माणूस रस्त्यावरून दिसतच नाही. जाळीचे कुंपण हा दोष टाळते. जागा कोणाची तेही दिसले पाहिजे. वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी 1972 मध्ये हाच मुद्दा मांडला: रहिवाशांना जो भाग आपला वाटतो त्यावर ते लक्ष ठेवतात. मोजक्या घरांसाठी एक जिना असला की अनोळखी माणूस चटकन ओळखू येतो.

दिव्यांत नेहमीची चूक म्हणजे एकच प्रखर झोत. त्याने बघणाऱ्याचे डोळे दिपतात आणि बाजूची सावली आणखी गडद होते. कमी वॉटचे, खाली रोखलेले, सारख्या अंतरावरचे अनेक दिवे लावा. कसोटी सोपी: रात्री 30 फुटांवरून समोरच्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे.

आता दार, कारण बरेचसे पैसे इथेच वाया जातात. महागडे कुलूप शाबूत राहते आणि चौकट फाटते. कुलपाची जीभ ज्या पट्टीत शिरते ती बहुधा 20 मिमीच्या स्क्रूंनी लाकडाच्या कडेला बसवलेली असते. दोन लाथांत निघते. तिथे 75 मिमीचे स्क्रू वापरा आणि ते चौकटीतून मागच्या भक्कम आधारापर्यंत जातील असे बघा. जीभ किमान 25 मिमी बाहेर यावी. कडीकोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर पेचकस पुरेसा आहे, कुलूप तोडायची गरजच नाही. त्याऐवजी आरपार बोल्ट घाला, नट आतून आवळा. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेर राहते. ती काढली तरी दार निघू नये म्हणून बिजागरीच्या बाजूला चौकटीत शिरणारे खुंट बसवा. खिडक्यांच्या गजांबाबत एक ताकीद: निदान एक जाळी आतून उघडणारी हवी आणि घरातल्या प्रत्येकाला ती उघडता आली पाहिजे, नाहीतर आग लागल्यावर तोच पिंजरा.

एवढे झाले की कॅमेरा. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला साधारण 250 पिक्सेल लागतात. 1920 पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याला म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंद दृश्य. त्याने अख्खे आवार टिपायला गेलात तर चेहरे धूसर येणार. दाराजवळचा कॅमेरा 7-8 फुटांवर लावा, फार वर लावला की फक्त टोप्या दिसतात. भिंत किंवा कोळिष्टक अगदी समोर असेल तर कॅमेऱ्याच्या रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याचा उजेड त्यावर आपटून परततो आणि चित्र पांढरे पडते. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोही उचलतो. कुलुपाच्या कपाटात ठेवा, पण हवा खेळती राहू द्या. महिन्यातून एकदा जुने चित्रण काढून बघा आणि घड्याळ जुळवा.

पावसाळ्यानंतर पुन्हा फेरी मारा: तोवर झुडपे वाढलेली असतात आणि एखादा दिवा तरी गेलेला असतो.