कुणाला ‘जॉइन हो’ म्हणण्याआधी

मी इचलकरंजीत शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी भिशीच्या ग्रुपवर एका ‘घरबसल्या कमाई’ची लिंक मी टाकली होती. माझ्या शब्दावर जाऊबाईंनी ४,००० रुपये भरले, त्यातले ८०० माझ्या खात्यात आले. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

आता लिंक पुढे पाठवण्याआधी वही काढते. पैसा मालाच्या विक्रीतून येतो की नव्या माणसाच्या फीमधून? फीमधून असेल तर गुणाकार करा. प्रत्येकाने पाच जण आणायचे म्हटलं तर बाराव्या पायरीला २४ कोटींहून जास्त माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा! शेवटच्या पायरीवर नवखाच उभा असतो, म्हणजे आपलीच जाऊ.

१९७८च्या कायद्याने अशा मनी सर्क्युलेशन योजना चालवण्यावरच नाही, त्यांचा प्रसार करण्यावर आणि सभासद होण्यावरही बंदी आहे. ‘मी फक्त लिंक दिली’ हे तिथे चालत नाही.

योजना खरी वाटली तरी पहिल्याच वाक्यात आपलं कमिशन सांगा. वॉलेटमधल्या आकड्याचा स्क्रीनशॉट दाखवू नका. बँकेत प्रत्यक्ष किती आले, किती भरले होते, तेच सांगा. आणि ‘आजच शेवटची तारीख’ तर मुळीच नको.

आधीच कुणाला ओढलं असेल तर स्वतः फोन करा, कमिशन परत द्या, आणि फसवणूक असेल तर त्यांच्यासोबत बसून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन लावा. जाऊबाईंनी माझे ८०० घेतले. चहा मात्र महिनाभर विचारला नाही.