पी२१३५ कोड, पिकअप गायब: दोष थ्रॉटल बॉडीचा नव्हताच

गाडी गरम असताना खड्ड्यात आपटली की चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि पिकअप जायचा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी रांगायचीच. बंद करून पुन्हा चालू केली की शहाण्यासारखी चालायची. दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी२१३५, म्हणजे थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) दोन पोझिशन सेन्सरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

थ्रॉटल बॉडी (ही झडप, तिची मोटर आणि सेन्सर असलेला भाग) साफ केली, मग नवीन बसवली. चार दिवसांत तोच कोड! डोकं फिरलं.

मग इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज लावले. माझ्या गाडीत एक चढतो तसा दुसरा उतरतो, बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. थ्रॉटल बॉडीच्या कनेक्टरजवळची वायर हलवली आणि एक आकडा धाडकन शून्यावर. चोर सापडला.

इग्निशन बंद केलं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मग कनेक्टर. सहापैकी एका पिनवर हिरवट थर, समोरचं टर्मिनल सैल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने घासलं, पूर्ण सुकू दिलं. टर्मिनल बारीक सुईने किंचित आवळलं (जास्त नको, तुटतं). लॉकचा टक् आवाज येईपर्यंत कनेक्टर दाबला, लोंबणारी वायर क्लिपने बांधली. बॅटरी जोडून कोड पुसला आणि मॅन्युअलप्रमाणे आयडल रीलर्न केलं (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन किती वेगाने फिरावं हे गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं). ही पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी. शेवटी वायर पुन्हा हलवून पाहिली, आकडे जागेवर.

इग्निशन चालू असताना थ्रॉटलच्या झडपेत बोट घालू नका, मोटर ती झटक्यात मिटवते. सहा महिने झाले, दिवा लागलेला नाही. जुनी थ्रॉटल बॉडी अजून डिकीत पडून आहे, धडधाकट.